सवलतीच्या मार्टमध्ये महिन्याचा किराणा भरावा का? एका जुन्या दुकानदाराचे उत्तर

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. घरात सासू-सासरे, पती-पत्नी आणि दोन शाळकरी मुले अशी सहा माणसे आहेत. पतीचा पगार महिन्याला येतो, गल्लीतल्या किराणा दुकानात अनेक वर्षांची उधारीची वही आहे आणि महिन्याला साडेनऊ ते दहा हजार रुपयांचा किराणा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, सुमारे ४० किलोमीटरवर, सवलतीच्या दराने माल देणारे मोठे मार्ट सुरू झाले, म्हणून गेल्या महिन्यात ते दोघे मोटारसायकलवर तिथे गेले आणि ६,८५० रुपयांचे सामान घेऊन आले. पावतीच्या तळाशी ‘आपली बचत १,१२० रुपये’ असे छापलेले होते. तरीही महिनाअखेरीस गल्लीतल्या दुकानदाराने वही उघडली तेव्हा तिथे ४,३०० रुपये निघालेच, म्हणजे एकूण खर्च अकरा हजारांच्या पुढे गेला. ही सवलत खरी की नुसती दाखवायची, आणि मार्टला पुन्हा जावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तराआधी माझी बाजू सांगून टाकतो, कारण ती माहीत नसेल तर माझ्या मताचे वजन तुम्हाला करता येणार नाही. लातुरात गंजगोलाई या बाजारपेठेच्या आसपास मी २३ वर्षे किराणा दुकान चालवले. शहरात मोठी मार्ट आली, महिन्याची यादी देणारी गिऱ्हाइके एकेक करून कमी झाली, आणि अखेर मी दुकान भाच्याच्या हाती देऊन टाकले. आता मी दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहितो आणि घरचा किराणा स्वतः आणतो. मार्टबद्दल माझ्या मनात थोडी अढी असणे स्वाभाविक आहे, तशीच ती मी जाणूनबुजून बाजूला ठेवली आहे हेही खरे आहे. कारण गेली काही वर्षे मी स्वतः मार्टमध्ये जातो आणि काही वस्तू तिथूनच घेतो.

ताई, तुमच्या पावतीवरची १,१२० रुपयांची बचत खोटी नाही, पण ती ज्याच्याशी ताडून काढली आहे तो भाव तुम्ही कधी देतच नव्हता. मार्टची पावती छापील किमतीशी, म्हणजे एमआरपीशी तुलना करते. छापील किंमत ही सर्व कर धरून घेता येणारी कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे, पण कमी घ्यायला कोणाचीच आडकाठी नाही. महिन्याचे गिऱ्हाईक असेल तर गल्लीतला दुकानदारही चहापत्तीच्या पुड्यावर पाच-दहा रुपये, तेलाच्या पिशवीवर दोन-चार रुपये सोडतोच. माझ्या दुकानात तेलाची पिशवी छापील भावाने घेतलेले महिन्याचे गिऱ्हाईक मला आठवत नाही. तेव्हा तुमची खरी बचत मोजायची तर मार्टची किंमत आणि तुमच्या दुकानदाराच्या वहीतली किंमत शेजारी शेजारी लिहावी लागेल. असे केल्यावर १,१२० चा आकडा बहुतेक ४००-५०० च्या घरात येतो, असा माझा अनुभव आहे. आणि खर्च हजाराने वाढला त्याचे कारण भावात नसून यादीत आहे, याकडे मी पुढे येतो.

आधी मार्टला स्वस्त देणे परवडते कसे, ते समजून घेऊ, कारण त्यावरूनच कुठली वस्तू तिथे घ्यावी हे ठरते. आपल्याकडे हा धंदा लोकांना सर्वांत जास्त माहीत झाला तो डी-मार्टमुळे. राधाकिशन दमाणी यांनी त्याचे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू केले. अशा दुकानांचे गणित दिसायला साधे आहे. माल मोठ्या प्रमाणात उचलायचा, कंपन्यांचे पैसे लवकर द्यायचे आणि त्याबदल्यात भाव पाडून घ्यायचा. उधारी ठेवायची नाही, सजावटीवर खर्च करायचा नाही, आणि फळीवरचा माल पडून राहू द्यायचा नाही. साबण, कपड्याची पावडर, टूथपेस्ट, चहापत्ती, बिस्किटे, पिशवीतले तेल अशा कंपनीच्या बंद मालात हे सगळे फायदे पुरेपूर मिळतात, कारण तो माल देशभर एकच असतो आणि भावाची घासाघीस फक्त खरेदीच्या प्रमाणावर होते. एजन्सीचा माणूस मला ज्या भावाने कपड्याची पावडर देत असे, तो माझा पडतर भाव आणि मार्टमध्ये गिऱ्हाइकाला लागणारा भाव यांत कधी कधी दोन-तीन रुपयांचाच फरक असे. एका दिवाळीत तर मार्टचा भाव माझ्या पडतरीच्या खाली होता. तेव्हा मी दोन पोती भरून कपड्याची पावडर तिथूनच आणली आणि आपल्या दुकानात विकली. कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून सकाळी दुकान उघडताच गेलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

सुट्या मालात मात्र हे गणित उलटते. तूर डाळ, हरभरा डाळ, ज्वारी, गहू, शेंगदाणे, गूळ, हळद, मिरची यांना छापील किंमत नाही, कंपनी नाही, आणि आपण तर ज्या मुलखात हा माल पिकतो त्याच मुलखात राहतो. लातूरच्या डाळ मिलमधून निघालेली डाळ मोठ्या शहरातल्या गोदामात जाऊन, पाकिटात बंद होऊन, पुन्हा मराठवाड्यातल्या मार्टच्या फळीवर येणार असेल, तर त्या प्रवासाचे भाडे कोणीतरी भरणारच. त्यात कराचाही मुद्दा आहे. १८ जुलै २०२२ पासून आधीच बंद करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळ आणि पिठाच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो. दुकानात समोर तोलून दिलेल्या सुट्या धान्य-डाळ-पिठावर लागत नाही. बाजारात तांदळाचे २६ किलोचे कट्टे दिसू लागले ते यामुळेच. किलोभर डाळीवर ५ टक्के म्हणजे फार वाटत नाहीत, पण सहा माणसांच्या घरात वर्षाची डाळ, तांदूळ, ज्वारी, गहू मिळून तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

डाळीच्या बाबतीत भावाच्याही आधी प्रत पाहावी लागते. आमच्या धंद्यात तूर डाळीला ‘फटका’ आणि ‘सवा नंबर’ असे शब्द आहेत. फटका म्हणजे निवडलेली, सारख्या आकाराची, सालीचा अंश नसलेली डाळ. सवा नंबर तिच्या खालची, स्वस्त, थोडी चुरी असलेली. मार्टच्या पाकिटावर ‘तूर डाळ’ एवढेच असते. एकदा पत्नीने मार्टमधून किलोमागे अकरा रुपये कमी भावाची डाळ आणली. मी दोन्ही डाळी दोन तळहातांवर घेतल्या: घरच्या डाळीचे दाणे तळहातावर चिकटत नव्हते, पिवळा रंग थोडा मळकट होता, मार्टच्या डाळीला चकाकी होती, पण बोटांत चोळल्यावर चुरी मागे राहिली. एकाच कुकरमध्ये दोन डब्यांत दोन्ही लावल्या. चार शिट्ट्यांनंतर घरची डाळ विरघळली होती आणि दुसऱ्या डब्यात तळाशी दाणे तसेच बसले होते, वर पाणी. शिजायला आणखी तीन शिट्ट्या गॅस लागला, आणि वरणाला दाटपणा यावा म्हणून पत्नीने मूठभर डाळ जास्त टाकली. अकरा रुपयांचा हिशेब तिथेच संपला. प्रत्येक मार्टची डाळ अशीच असते असे मी म्हणणार नाही. मी सांगतो ते इतकेच की, डाळीचा भाव ताडायचा तर आधी एक पाव आणून शिजवून पाहावी.

आता यादीकडे येतो. माझ्याच घरचे आकडे देतो. ते पाच माणसांच्या घराचे आहेत आणि मार्ट घरापासून जवळ असतानाचे आहेत, म्हणून तुमच्या घराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. एका महिन्यात मी ३१ वस्तूंची यादी घेऊन आधी भाच्याच्या दुकानात भाव लिहून घेतले आणि मग तीच यादी मार्टमध्ये भरली. दुकानात यादी ६,८४० रुपयांची होत होती, मार्टमध्ये ती ६,५२४ रुपयांत बसली, म्हणजे ३१६ रुपये वाचले. वस्तू वेगळ्या काढून पाहिल्यावर लक्षात आले की, साबण-पावडर-तेल-पत्ती अशा १४ वस्तूंवर ४१२ रुपये कमी लागले होते आणि डाळ-दाणे-गूळ-मसाल्यांवर ९६ रुपये जास्त गेले होते. पण त्या दिवशी आम्ही यादीबाहेरचे सामानही ८७० रुपयांचे घेतले: फरसाणाची मोठी पाकिटे, दोन प्लास्टिकचे डबे, सॉसची बाटली, एकावर एक मोफत असलेली बिस्किटे. त्यातले ३०० रुपयांचे सामान कधी ना कधी लागलेच असते असे उदारपणे धरले, तरी ५७० रुपये निव्वळ जास्तीचे. ऑटोचे जाण्या-येण्याचे १६० रुपये. ३१६ मधून ५७० आणि १६० वजा केले की ४१४ रुपयांचा तोटा. पावतीवर मात्र ९०० च्या पुढचा बचतीचा आकडा झळकत होता.

तुमच्याकडेही हेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. मार्टमधून आणलेल्या ६,८५० रुपयांत रोज लागणारा माल किती आणि इतर किती, हे पावती काढून एकदा खुणा करून पाहा. मालाची मांडणी अशी असते की डाळ-तांदळापर्यंत पोहोचायला बिस्किटे, शीतपेये आणि कपड्यांवरून जावे लागते. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही; आमच्याही दुकानात काउंटरवर चॉकलेटच्या बरण्या ठेवण्यामागचा हेतू वेगळा नव्हता. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्च पाहणीत शहरी घरांचा सुमारे ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पेये व तयार खाद्यपदार्थांवर असल्याचे दिसले. तो धान्याच्या वाट्यापेक्षाही मोठा आहे. कुठे हात सैल सुटतो ते यावरून कळते. आणखी एक गोष्ट दुकानदाराच्या नजरेतून सांगतो: घरात माल जास्त असला की तो जास्तच खपतो. बिस्किटांचे बारा पुडे महिन्यासाठी म्हणून आणले तर ते पंधरा दिवसांत संपतात, आणि उरलेल्या पंधरा दिवसांसाठी मुलगा गल्लीतल्या दुकानात जातो. तुमच्या वहीवरच्या ४,३०० रुपयांत असे किती पुडे आहेत, ते दुकानदाराला विचारले तर तो सांगेल. मात्र कपड्याच्या पावडरीचे, साबणाचे तसे होत नाही. दोन पुडे जास्त आहेत म्हणून कोणी दोनदा आंघोळ करत नाही. म्हणून साठा करायचाच तर अशा वस्तूंचा करावा.

वजनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे शिकलेली माणसेही फसतात. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे, साबण अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच बंद करण्याचे बंधन होते. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत नंतर दुरुस्ती झाली, ते बंधन निघाले आणि त्याबदल्यात पाकिटावर दर एककाची किंमत छापणे आले. त्यामुळे आता ८५० ग्रॅम, ९०० ग्रॅम, ७५० मिलिलिटर अशी वजने सर्रास दिसतात. दर एककाची किंमत बारीक अक्षरांत असते आणि तिच्यात एक मेख आहे: पाकीट किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर ती ग्रॅममागे दिलेली असते, जास्त असेल तर किलोमागे. एका पाकिटावर ०.१४ आणि शेजारच्या पाकिटावर १३५ दिसले तर डोके चालत नाही, ०.१४ ला हजाराने गुणले की १४० होतात, म्हणजे लहान पाकीट महाग.

तेलात हा घोळ सर्वांत जास्त आहे. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. आता उदाहरणापुरत्या किमती धरा: एका पिशवीत १ लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम तेल १४५ रुपयांना आहे, आणि शेजारी जवळपास तेवढ्याच आकाराची पिशवी १३२ रुपयांना आहे, पण तिच्यात ८०० ग्रॅम आहे. दुसरी १३ रुपयांनी स्वस्त दिसते. किलोवर काढले तर पहिली १५९ रुपयांना पडते आणि दुसरी १६५ रुपयांना. डब्याचेही तसेच आहे. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा बाहेरून सारखेच दिसतात, पण १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. सव्वा किलोपेक्षा जास्त फरक आहे. सहा माणसांच्या घरात डबाच घेणे परवडते, फक्त घेताना किलो की लिटर हे बोट ठेवून वाचावे. (घाण्याच्या करडई तेलाची चव या कुठल्याच तेलाला येत नाही, हे मान्य, पण बचतीच्या उत्तरात ते घुसवले तर माझाच मुद्दा पडेल.)

जुन्या भावांशी तुलना करतानाही सावध राहावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे अशा बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीची वही आणि त्यानंतरची मार्टची पावती शेजारी ठेवली तर सरकारने कमी केलेला कर मार्टची सवलत म्हणून मोजला जाईल. दोन्ही भाव एकाच आठवड्यातले असावेत.

उधारीचा विषय नाजूक आहे आणि तो सर्वस्वी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पगार महिन्याच्या महिन्याला येत असेल तर उधारी महाग पडते, हे मी स्वतः उधारी देणारा म्हणून सांगतो. माझ्याकडे रोखीचा भाव आणि वहीचा भाव असे दोन भाव होते. साखरेवर किलोमागे एक रुपया, डाळीवर दोन-तीन रुपये, तेलाच्या डब्यावर वीस-तीस रुपये वहीच्या गिऱ्हाइकाला जास्त लागत. कोणी विचारले तर मी सांगत असे, पण फारसे कोणी विचारत नसे. यात लबाडी नव्हती, कारण माझेही पैसे त्या वहीत अडकलेले असत आणि त्यातले काही कधीच परत येत नसत. शेतीवर चालणाऱ्या घराचे गणित मात्र वेगळे आहे. सोयाबीन निघून पैसे हाती येईपर्यंत चार-पाच महिने ज्या दुकानदाराने घर चालवले, त्याच्या वहीतले ते जास्तीचे रुपये हे व्याजच आहे, आणि ते सावकाराच्या व्याजापेक्षा पुष्कळ हलके आहे. मार्ट रोख मागते. रोख नसताना मार्टमध्ये जाण्यासाठी हातउसने घ्यावे लागत असतील, किंवा क्रेडिट कार्डाचे पैसे वेळेवर फिटणार नसतील, तर तिथली सवलत हाती येण्याच्या आधीच गेलेली असते. तुमच्या प्रश्नात पतीचा पगार महिन्याला येतो एवढेच कळते. शेती आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. शेती असेल तर वही बंद करू नका, लहान करा.

अंतराचा हिशेब सरळ आहे. ४० किलोमीटर जाणे आणि ४० येणे म्हणजे ८० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० देत असेल तर १.६ लिटर पेट्रोल लागते, आणि परभणीकडे पेट्रोलचा दर शंभरीच्या किती वर असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे एका फेरीचे १७० रुपयांच्या आसपास. तुम्ही एकट्या एसटीने गेलात तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण येताना तेलाचा डबा घेऊन बसमध्ये चढणे हे ज्याने केले त्यालाच माहीत. ४००-५०० रुपयांच्या खऱ्या बचतीतून दर महिन्याला १७० रुपये आणि एक रविवार घालवणे मला पटत नाही. दोन महिन्यांतून एकदा, तेही दवाखाना, बँक किंवा नातेवाइकांकडे जाणे असेल त्याच फेरीत, हे परवडते. माझ्या घरात त्या अनुभवानंतर आम्ही तेच केले: फक्त त्या १४ वस्तू, दोन महिन्यांच्या, एका फेरीत. ४१२ च्या दुप्पट ८२४, त्यातून ऑटोचे १६० वजा जाता ६६४, म्हणजे महिन्याला ३३२ रुपये. फार मोठी रक्कम नाही, पण हाती राहणारी आहे.

धान्याचे पाहायचे तर आपल्याकडे वर्षाचे धान्य भरण्याची जी रीत आहे, तिच्याइतकी सवलत मला कुठल्याही मार्टमध्ये दिसली नाही. धान्याच्या घाऊक बाजाराला तुमच्याकडे मोंढा म्हणतात, आमच्याकडे आडत; नाव काहीही असो, माल निघतो त्या वेळी रोखीने घेणे हे त्यातले मर्म. तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येऊ लागते आणि नवी डाळ फेब्रुवारी-मार्चपासून बरी मिळते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. हळद घ्यायची तर वसमतची बाजारपेठ तुमच्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. तिथल्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे, तसेच ते आमच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूर डाळीला आणि जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळाले आहे. मानांकनाच्या नावाखाली जास्त भाव मागणारेही निघतात, म्हणून नावावर जाऊ नका, माल पाहा. घरी शेतकरी नातेवाईक असतील तर थेट त्यांच्याकडून घेऊन गावातल्या मिलवर डाळ करून आणणे अजूनही सर्वांत स्वस्त पडते.

यातही एक अट आहे: ठेवायला कोरडी जागा हवी. धान्याला दोन कडक उन्हे दाखवून, गव्हाला एरंडेल लावून, पत्र्याच्या कोठीत भरले तर वर्ष निघते. ज्वारीला पावसाळ्यात टोके (कीड) लवकर लागतात, म्हणून ती मी आठ महिन्यांपेक्षा जास्त भरत नाही. रवा, बेसन आणि मैदा यांचा साठा तर करूच नये. एका जुलैमध्ये पाच किलो बेसन सवलतीत मिळते म्हणून आम्ही आणले. ऑगस्टच्या मध्यावर डबा उघडला तेव्हा वर जाळी धरलेली होती आणि निम्मे बेसन टाकून द्यावे लागले. इतकी वर्षे दुकानात बेसनाचे कट्टे सांभाळलेल्या माणसाच्या घरी हे झाले, म्हणून ते जास्त लागले.

रेशनचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण शिधापत्रिका कोणती आहे ते एकदा तपासा. प्राधान्य कुटुंबात नाव असेल तर माणशी ५ किलो धान्य महिन्याला मोफत आहे. सहा माणसांचे ३० किलो होतात, आणि तो गहू-तांदूळ घरात वापरला जात असेल तर मार्टच्या तांदळाची यादीच अर्ध्यावर येते. केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना मराठवाड्यात २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रक्कम देण्याची योजना आहे; सासऱ्यांच्या नावावर सातबारा असेल तर तहसीलमध्ये विचारणा करण्यासारखी आहे.

आता तुमच्या पुढच्या महिन्यापुरते सांगतो. मार्टला जाऊ नका. गल्लीतल्या दुकानदाराकडे, गर्दी नसताना, पूर्ण महिन्याची यादी घेऊन जा आणि सरळ म्हणा, ‘काका, या वेळी सगळा माल एकदम आणि रोखीने घेते, भाव लावून द्या.’ आमच्या धंद्यात या एका वाक्याला फार किंमत आहे. रोखीची पूर्ण यादी हातची जाऊ नये म्हणून दुकानदार कुठपर्यंत खाली येतो, ते तुम्हाला त्या दिवशी कळेल. तो कागद जपून ठेवा. त्या पुढच्या महिन्यात मार्टमध्ये जाल तेव्हा तोच कागद हातात ठेवून फक्त बंद मालाचे भाव ताडा, तेल किलोवर काढा, आणि पैसे देण्याआधी फळीवरचा भाव आणि पावतीवरचा भाव जुळतो का ते तिथेच उभे राहून पाहा. घरी आल्यावर लक्षात आलेल्या आठ रुपयांसाठी कोणी ४० किलोमीटर परत जात नाही. मुलांना सोबत नेऊ नका, आणि जेवून जा.

आणि घरातली तूर डाळ संपत आली असेल तर आता दोन-तीन किलोच घ्या. कोठी भरायची ती नवी डाळ मोंढ्यात आल्यावर, आधी पावभर शिजवून पाहून.